शिकागोतले गोळीबार वस्त्या कशा रोखतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या पश्चिम आणि दक्षिण भागात गेली पंचवीस वर्षं एक काम चालू आहे: गोळी सुटण्याआधी भांडणात मध्ये पडायचं, आणि ज्या मुलाच्या हातून ती सुटण्याची शक्यता आहे त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने राहायचं. त्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. शिकागोत राहणाऱ्या किंवा मुलांना तिथे शिकायला पाठवणाऱ्या मराठी घरांना लागणारी माहिती शेवटच्या काही प्रश्नांत आहे.

शिकागो खरंच इतकं धोकादायक शहर आहे का?

काही भाग आहेत, शहर नाही. २०१६ मध्ये शिकागोत साडेसातशेहून जास्त खून झाले, २०२१ मध्ये हा आकडा आठशेच्या घरात गेला आणि २०२४ मध्ये ५७३ वर आला. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर सेंट लुईस, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स ही शहरं बरीच वर्षं शिकागोच्या पुढे राहिली आहेत. शिकागोचे ७७ अधिकृत विभाग आहेत आणि गोळीबार प्रामुख्याने त्यांतल्या मोजक्या विभागांत होतात: पश्चिमेला ऑस्टिन, नॉर्थ लॉनडेल, गारफिल्ड पार्क, दक्षिणेला एंगलवुड, ऑबर्न ग्रेशम आणि आसपास. तिथेही सगळ्या गल्ल्या सारख्या नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची आहे. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी पोलिसांच्या नोंदींवरून कोण कोणाबरोबर पकडला गेला याचं जाळं मांडलं. सहा वर्षांत गोळी लागून वाचलेल्यांपैकी ७० टक्के लोक शहराच्या ६ टक्क्यांहून कमी लोकसंख्येच्या जाळ्यात सापडले. धोका कोणाला आहे हे बऱ्यापैकी आधी कळू शकतं, आणि हे सगळं काम त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

हे गोळीबार अमली पदार्थांच्या धंद्यातून होतात ना?

पूर्वी बऱ्याच अंशी तसं होतं. १९८०-९० च्या दशकांत मोठ्या टोळ्या होत्या, त्यांना म्होरके होते आणि खालच्या पोरांवर त्यांचा वचक होता. पुढे म्होरके तुरुंगात गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी घरांच्या उंच इमारती पाडायला घेतल्या. त्यांतल्या रॉबर्ट टेलर होम्स या वसाहतीची शेवटची इमारत २००७ मध्ये पडली. तिथली कुटुंबं विखुरली आणि वेगवेगळ्या टोळ्यांची मुलं एकाच गल्लीत येऊन पडली. आज एक-दोन गल्ल्यांची टोळकी आहेत. मेलेल्या मित्राचं नाव घेऊन फिरणारी टोळकीही बरीच आहेत. त्यांना कोणी म्होरक्या नाही, त्यामुळे वरून 'थांबा' म्हणणारंही कोणी नाही.

भांडणं बहुतेक खासगी असतात. मागच्या वर्षी मारल्या गेलेल्या भावाची कुणीतरी इन्स्टाग्रामवर टिंगल केली, लाइव्ह येऊन शिव्या दिल्या, मैत्रिणीवरून वाद झाला, उधारी राहिली. एकदा खुन्नस पडली की वचपा काढणं आलं, आणि मग त्याचाही वचपा. २००६ ते २०१४ दरम्यानच्या अकरा हजारांहून जास्त घटनांचा अभ्यास सांगतो की त्यांतल्या ६३ टक्के घटना अशा ओळखीच्या साखळीतून पसरल्या. एकाला गोळी लागल्यावर साखळीतल्या पुढच्याला ती सरासरी १२५ दिवसांनी लागली. म्हणजे मध्ये पडायला वेळ असतो. तो कोणी वापरतो का, एवढाच प्रश्न असतो.

हे काम सुरू कोणी केलं आणि आज कोण करतं?

गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. आफ्रिकेत क्षय, कॉलरा, एड्सच्या साथींवर काम करून ते शिकागोला परतले आणि गोळीबारांचे नकाशे पाहताना त्यांना साथीचीच आकृती दिसली. २००० मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातून त्यांनी 'सीजफायर' सुरू केलं. हेच पुढे 'क्युअर व्हायलन्स' झालं आणि इतर शहरांत, इतर देशांत गेलं.

२०१६ च्या भयंकर वर्षाच्या आसपास नवी फळी उभी राहिली. ऑस्टिनमधली 'इन्स्टिट्यूट फॉर नॉनव्हायलन्स शिकागो', अमेरिकेचे माजी शिक्षणमंत्री आर्न डंकन यांची 'शिकागो क्रेड', 'मेट्रोपॉलिटन फॅमिली सर्व्हिसेस'ने अनेक स्थानिक संस्थांना एकत्र बांधून २०१७ मध्ये सुरू केलेला 'कम्युनिटीज पार्टनरिंग फॉर पीस', आणि त्याच वर्षीचा 'रेडी शिकागो' हा रोजगाराचा कार्यक्रम. ज्या वस्तीत वर्षानुवर्षं पाय रोवलेली संस्था आहे, तिथेच हे काम टिकतं. डाउनटाउनमध्ये ऑफिस थाटून ते जमत नाही.

मध्यस्थ भांडण मिटवतो म्हणजे नेमकं काय करतो?

त्याला शिकागोत 'इंटरप्टर' म्हणतात. गोळीबार झाला की पहिल्या काही तासांत तीन गोष्टी कळाव्या लागतात: कोणाला लागली, तो कोणत्या हॉस्पिटलात आहे, आणि त्याचे जवळचे कोण. एक जण हॉस्पिटलात जातो, कारण आपत्कालीन विभागाबाहेर मित्रांचा जमाव जमतो आणि दुसरी बाजूही तिथे येऊ शकते. दुसरा जण त्याच्या गल्लीत जातो.

मग शोधायचा तो बदला घेणारा. जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतोय, तो बहुतेक वेळा काही करत नाही. गप्प झालेला भाऊ, चुलत भाऊ किंवा जिवलग दोस्त, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. त्याच्याकडे कोण जाणार, हे ओळखीवर ठरतं. ज्याला तो लहानपणापासून काका मानतो, जो त्याच्या थोरल्या भावाबरोबर तुरुंगात होता, तोच जातो. अनोळखी माणसाने तिथे जाणं धोक्याचं, आणि निरुपयोगीही.

गेल्यावर 'माफ कर, सोडून दे' असं म्हणत नाहीत. ज्याचा भाऊ तीन तासांपूर्वी गेला त्याला हे ऐकवतच नाही. मागणी छोटी असते: आज नको. चल, जेवायला जाऊ. दोन दिवस मावशीकडे राहा. त्याला गल्लीतून, मित्रांच्या गराड्यातून आणि मोबाइलपासून दूर न्यायचं. मग बोलणं त्याच्या मुलीवर येतं, पॅरोलवर येतं, आईला दुसरं प्रेत उचलावं लागेल यावर येतं. आजीचा शब्द अनेकदा सगळ्यांवर भारी पडतो, म्हणून आजीला विश्वासात घेतलेलं असतं.

दुसऱ्या बाजूशी वेगळा माणूस बोलतो. सुरुवातीला दोघांना एका खोलीत कधीच बसवत नाहीत. तापलेल्या डोक्याने समोरासमोर आले की मिटत आलेलं प्रकरण पुन्हा पेटतं. निरोप मध्यस्थांमार्फत जातात: 'तुमच्यातल्या कोणी केलं?', 'पुढे काही करायचा विचार आहे का?', 'काय केलं तर थांबाल?'

दोन टोळक्यांमध्ये समझोता होतो म्हणतात. त्यात काय असतं?

त्याला अनाक्रमण करार म्हणता येईल. त्यात दोस्तीची अट नसते. अटी साध्या, तपासता येतील अशा असतात. एकमेकांच्या गल्लीतून गाडी न्यायची नाही. मेलेल्यांची नावं घेऊन सोशल मीडियावर काही टाकायचं नाही. अमुक पेट्रोलपंप आणि अमुक दुकान दोघांना मोकळं. कोणी अट मोडली तर आधी मध्यस्थाला फोन करायचा, बंदुकीला हात घालायचा नाही.

खरं काम करारानंतर सुरू होतं. कार्यकर्ते दोन्ही बाजूंशी सतत बोलत राहतात आणि तारखा सांभाळतात: अंत्यविधी, मेणबत्त्या लावून केलेली श्रद्धांजली सभा, गेलेल्या मुलाचा वाढदिवस, वर्षश्राद्धाचा दिवस, खटल्याची तारीख, तुरुंगातून कोणाची तरी सुटका. यांतल्या प्रत्येक तारखेला जुनी जखम उघडते. श्रद्धांजलीला जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाल्याच्या घटना शिकागोत घडल्या आहेत, म्हणून तिथे गर्दीच्या कडेला कार्यकर्ते उभे असतात.

करार मोडतात ते बहुधा दोन कारणांनी. ज्यांनी शब्द दिला त्यांचं धाकट्या पोरांवर चालत नाही. पंधरा-सोळा वर्षांची नवी पोरं येतात आणि त्यांना जुना शब्द माहीतच नसतो. किंवा कार्यकर्त्याने 'नोकरी लावून देतो' म्हणून सांगितलेलं असतं आणि नोकरी येत नाही. दुसरी चूक जास्त महागात पडते. हातात नसलेलं वचन द्यायचं नाही, हे प्रशिक्षणात सगळ्यात आधी शिकवतात.

कार्यक्रमात कोणाला घेतात?

'सीजफायर'ने सात निकष ठेवले होते: वय १६ ते २५, टोळीशी संबंध, टोळीत किंवा अमली पदार्थांच्या धंद्यात महत्त्वाची जागा, हिंसक गुन्ह्यांची पार्श्वभूमी, नुकतीच तुरुंगातून सुटका, बंदूक बाळगण्याबद्दलची ख्याती, आणि अलीकडेच गोळी लागलेली असणं. यांतले किमान चार लागू पडले तरच प्रवेश.

हे लोकांना खटकतं. 'चांगल्या मुलांना काही नाही आणि या लोकांना सगळं?' असा सूर असतो. पण ज्याच्या हातून काहीच होणार नव्हतं, त्याला कार्यक्रमात घेऊन गोळीबार कसा कमी होईल? संस्थांना मात्र सोप्या मुलांना घ्यायचा मोह होतो, कारण ती वेळेवर येतात आणि अहवाल छान दिसतो. असं झालं की कार्यक्रम चालतो आणि गोळीबारही चालतात.

पूर्वीचे गुन्हेगार यात काम करतात. त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

ओळख आणि वजन त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे त्यांच्याशिवाय हे काम होत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. 'मेट्रोपॉलिटन पीस अकॅडमी'चा अभ्यासक्रम १८ आठवड्यांचा, १४४ तासांचा आहे: मध्यस्थी, मानसिक आघात, कायदा, नोंदी ठेवणं, स्वतःची काळजी.

जोखीमही त्यांचीच आहे. शिकागोतल्या कार्यकर्त्यांच्या एका पाहणीत सुमारे ६० टक्क्यांनी कामावर असताना कोणावर तरी गोळी झाडलेली पाहिली होती, आणि पाचातल्या एकावर तर गोळी झाडली गेली होती. त्यांना समुपदेशन, धड पगार आणि विमा देणं हा कामाच्या खर्चाचाच भाग आहे. जिथे तो वाचवला जातो, तिथे अनुभवी माणसं दोन-तीन वर्षांत थकून सोडून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या ओळखीही जातात. क्वचित एखादा जुन्या वाटेला लागतोही. त्याला लगेच कामावरून दूर करावं लागतं, नाहीतर समोरच्या बाजूचा विश्वास उडतो.

ते पोलिसांना माहिती देतात का?

नाही. माहिती एकाच दिशेने येते. पोलीस गोळीबाराची वेळ आणि ठिकाण कळवतात. कार्यकर्ते 'हे कोणी केलं' ते सांगत नाहीत. 'हा खबऱ्या आहे' अशी शंका जरी आली तरी कार्यकर्त्याचा जीव धोक्यात येतो आणि संस्थेला त्या गल्लीत कोणी उभं करत नाही. तसंच कार्यकर्ते तपासात आडवेही येत नाहीत, पुरावे हलवत नाहीत, कोणाला लपवत नाहीत. ही रेघ पोलीस आणि संस्था दोघांनाही आधी बसून ठरवावी लागते. नवा पोलीस अधिकारी आला की ती पुन्हा समजावून सांगावी लागते.

हे आपल्याकडच्या मोहल्ला समित्यांसारखं आहे का?

थोडंसं. १९८८ मध्ये भिवंडीत सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांनी १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत ठेवली, आणि दंगलींनंतर मुंबईतही समित्या उभ्या राहिल्या. अफवा लवकर पकडणं, वजनदार माणसांनी मध्ये पडणं, शांततेच्या काळात ओळखी जपणं हे दोन्हीकडे सारखं आहे. फरक मोठा आहे तो पोलिसांचा. भिवंडीत समितीच पोलिसांनी बांधली होती. शिकागोत पोलिसांपासून अंतर राखलं तरच काम होतं. शिवाय तिथे दोन समाजांमधला तणाव हाताळायचा नसतो, एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या वीस-पंचवीस पोरांमधलं वैर मिटवायचं असतं.

मुलगा भांडणापासून दूर राहिला, पुढे काय?

पुढे त्याला दिवसभर करायला काहीतरी हवं. 'रेडी शिकागो'ने १८ महिने पगारी काम आणि त्याबरोबर विचार व वर्तनावर काम करणाऱ्या गटबैठका दिल्या. या पुरुषांना पूर्वी सरासरी १७ वेळा अटक झालेली होती आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना कधी ना कधी गोळी लागलेली होती. बैठकीला येण्याचेही पैसे मिळत, आणि ते बरोबर होतं: ज्याच्या घरी भाडं थकलंय, तो फुकटच्या समुपदेशनाला येत नाही. एकदा कामावर आला नाही म्हणून काढून टाकायचं नाही, कार्यकर्त्याने घरी जाऊन परत आणायचं, हा नियम होता.

शाळेतल्या मुलांसाठी २००१ पासून 'बिकमिंग अ मॅन' आहे. पहिल्याच तासाला एक खेळ घेतात. मुलांच्या जोड्या करतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. झटापट होते, बोटं पिरगळली जातात, वेळ संपते. मग समुपदेशक विचारतात, 'नुसता मागितला का नाहीस?' पोरं म्हणतात, 'त्याने दिलाच नसता.' समोरच्याला विचारतात, तर तो म्हणतो, 'मागितला असता तर दिला असता की, चेंडूच तर आहे.' पुढचं अख्खं वर्ष याच धाग्यावर चालतं: आपण समोरच्याबद्दल काय गृहीत धरतो आणि किती घाईने.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय?

पुरावा आहे, आणि तो एकसारखा नाही. 'सीजफायर'च्या सात ठिकाणांच्या मोठ्या मूल्यमापनात चार ठिकाणी गोळीबार तुलनेच्या भागांपेक्षा स्पष्टपणे जास्त घटले. बाकी ठिकाणी तसं ठामपणे म्हणता आलं नाही. कोणाला कार्यक्रमात घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या 'बिकमिंग अ मॅन'च्या अभ्यासांत हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका कार्यक्रम चालू असताना ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या, पण तो संपल्यावर हा परिणाम टिकला नाही. मुलांना दिलेल्या उन्हाळी रोजगारावरच्या २०१२ च्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या कामाने पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी घटवल्या.

'रेडी'चा निकाल नीट वाचावा लागतो. सर्व प्रकारच्या गंभीर हिंसेचा एकत्र निर्देशांक काढला तर फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता. फक्त गोळीबार आणि खुनासाठीच्या अटका पाहिल्या तर त्या ६५ टक्क्यांनी कमी होत्या. ज्यांना संगणकाने नव्हे, वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी निवडलं होतं, त्यांच्यात ही घट ७९ टक्के होती. आमच्या मते या अभ्यासातला सर्वांत मोलाचा आकडा हाच. कोण अडचणीत आहे आणि कोण बदलायला तयार आहे, हे गल्लीतल्या माणसाला जितकं कळतं तितकं नोंदवहीला कळत नाही.

मग हे फसतं कुठे?

पैशात. आणि पैसा कमी असण्यापेक्षा तो मध्येच थांबण्याने जास्त नुकसान होतं. २०१५ मध्ये इलिनॉय राज्याच्या अंदाजपत्रकाचं घोडं अडलं आणि 'सीजफायर'चा निधी बंद झाला. बहुतेक कार्यकर्ते घरी बसले. पुढच्याच वर्षी खुनांचा आकडा उसळला. त्याचं खापर एकट्या या कपातीवर फोडता येत नाही, कारण त्याच सुमारास पोलिसांचं काम आणि लोकांचा पोलिसांवरचा विश्वास दोन्ही ढासळले होते. पण ज्या वर्षी मध्ये पडणारी माणसं सर्वांत जास्त हवी होती, त्याच वर्षी त्यांतली बहुतेक रस्त्यावर नव्हती, हे खरं आहे.

२०२१ मध्ये राज्याने गोळीबार रोखण्यासाठी वेगळं कार्यालय काढलं. २०२४ मध्ये उद्योगजगताने, दानसंस्थांनी आणि सरकारने मिळून नॉर्थ लॉनडेलपासून मोठ्या प्रमाणावर काम वाढवायला घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या न्यायखात्याने देशभरातली अशी अनुदानं अचानक रद्द केली आणि शिकागोतल्या संस्थांनाही फटका बसला.

अनुदान बहुतेक वेळा खर्च केल्यावर, बिलं दाखवल्यावर मिळतं. लहान संस्थेला तीन महिन्यांचे पगार आधी पदरचे द्यावे लागतात. तेवढी गंगाजळी नसली की पगार लांबतो, आणि पगार लांबला की अनुभवी माणूस जातो.

गोळी लागलेल्याच्या खाटेपाशीही हे लोक जातात का?

जातात, आणि जायलाच हवं. जखमी मुलगा शुद्धीवर आला की पहिल्या दिवसात एक तर 'आता बस' म्हणतो किंवा बदल्याचं ठरवतो. पण त्यासाठी हॉस्पिटल जवळ लागतं. दक्षिण शिकागोत १९९१ नंतर प्रौढांसाठी सर्वोच्च दर्जाचं आघात-केंद्र, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणारं ट्रॉमा सेंटर, नव्हतं. २०१० मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुण कार्यकर्त्याला शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलपासून काही गल्ल्यांवर गोळी लागली. त्याला कित्येक मैलांवरच्या डाउनटाउनमधल्या हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि तो गेला. त्याचे सवंगडी आणि वस्तीतले लोक वर्षानुवर्षं निदर्शनं करत राहिले, आणि मे २०१८ मध्ये त्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात प्रौढांचं केंद्र सुरू झालं. तिथे शल्यविशारदांबरोबर हिंसेतून सावरायला मदत करणारे कार्यकर्तेही असतात.

सामान्य रहिवाशांनी काय केलं?

२०१५ मध्ये एंगलवुडच्या ७५ वा रस्ता आणि स्ट्यूअर्ट अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एका खुनानंतर तमार मनासेह आणि इतर आया घडीच्या खुर्च्या टाकून बसू लागल्या. संध्याकाळी तिथेच शेगडी पेटवायच्या, येईल त्या पोराला जेवू घालायच्या. कोपऱ्यावर मोठी माणसं बसलेली असली की पोरं जपून वागतात. २०१९ मध्ये त्याच कोपऱ्यावर दोन तरुण आयांचा गोळ्या लागून मृत्यू झाला. तरीही बायकांनी कोपरा सोडला नाही.

२९ जानेवारी २०१३ रोजी हदिया पेंडल्टन ही पंधरा वर्षांची मुलगी एका बागेत गोळी लागून गेली. आठवडाभर आधीच तिने ओबामांच्या शपथविधी सोहळ्यात कला सादर केली होती. शिकारी एकमेकांना दिसावेत म्हणून नारिंगी घालतात, म्हणून तिच्या मैत्रिणींनी तो रंग निवडला. जूनच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेत लोक नारिंगी कपडे घालतात, ते त्यावरून.

बंदुका पैसे देऊन परत घेण्याच्या मोहिमा उपयोगी पडतात का?

फारशा नाही. जुन्या, माळ्यावर पडलेल्या बंदुका येतात. वापरातली येत नाही. घरातली नको असलेली बंदूक सुरक्षितपणे द्यायला त्या ठीक आहेत. शहराच्या २०१७ च्या अहवालानुसार गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांपैकी ६० टक्के इतर राज्यांतून आलेल्या होत्या, एकट्या इंडियानातून २१ टक्के. त्या राज्याची सीमा शहराला लागून आहे.

आम्ही विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर आहोत. सुरक्षिततेसाठी बंदूक घ्यावी का?

घेऊ नका. एफ-१, एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं आणि व्हिसा धोक्यात येतो, म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांचं ओळखपत्र लागतं आणि खरेदीनंतर ७२ तास थांबावं लागतं. घरात बंदूक असेलच तर ती रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली किंवा आकडा मुलांना कळू देऊ नका.

घरातलं कोणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या मनःस्थितीत आहे आणि घरात बंदूक आहे. काय करायचं?

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मध्यस्थांचं काम तिथवर पोचत नाही, घरच्यांनाच उठावं लागतं. तातडीचा धोका असेल तर ९११, बोलायला कोणी हवं असेल तर ९८८, चोवीस तास. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०१९ पासून न्यायालयाकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा आदेश मागता येतो. जोडीदार, आईवडील, भावंडं, एकाच घरात राहणारे किंवा पोलीस अर्ज करू शकतात. अर्जाला शुल्क नाही. तातडीचा आदेश १४ दिवसांचा असतो, त्यानंतरच्या सुनावणीत तो लांबवता येतो. अर्जात 'तो रागीट आहे' असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला काय म्हणाला, कोणता मेसेज पाठवला, बंदुका किती आणि कुठे आहेत, ते लिहा. असे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा तपशील नसल्यामुळे. हा आदेश म्हणजे फौजदारी गुन्हा नाही, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. त्या भीतीने अनेक जण अर्जच करत नाहीत.

डोळ्यांसमोर कोणाला गोळी लागली तर?

दक्षिण शिकागोत 'उजिमा मेडिक्स' ही संस्था शेजाऱ्यांना हेच शिकवते. आधी स्वतः सुरक्षित आहात का पाहा, मग ९११. रक्त कुठून येतंय ते कपडे फाडून शोधा. हाता-पायाला लागली असेल तर रक्त थांबवणारा पट्टा जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर बांधा, कोपर किंवा गुडघ्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा. तो माणूस ओरडेल, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. काख, जांघ, मान इथे पट्टा चालत नाही: स्वच्छ कापड जखमेत खोल कोंबून दोन्ही हातांनी दाबा आणि मदत येईपर्यंत हात उचलू नका. 'थांबलं का' म्हणून मध्येच उचलून पाहतात, तिथे रक्त पुन्हा सुटतं. छातीत किंवा पोटात कापड कोंबू नका, गोळी शोधू नका, पाणी पाजू नका. अंगावर पांघरूण घाला.

उपचारांचा, अंत्यविधीचा खर्च कोण देतं?

राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाची भरपाई योजना आहे. तिच्यातून ४५,००० डॉलरपर्यंत मदत मिळते: उपचार, बुडालेला पगार, समुपदेशन, अंत्यविधी. विमा आणि इतर मदतीतून उरलेलाच खर्च ती देते, म्हणून प्रत्येक बिल आणि विम्याचं प्रत्येक पत्र जपा. पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्या. लोक अडकतात ते बहुतेक इथेच.

उपनगरात राहून आम्ही काय हातभार लावू शकतो?

नेपरव्हिल किंवा शॉमबर्गहून शनिवारी उठून श्रद्धांजली सभेला जाऊ नका, आणि फोटो तर मुळीच काढू नका; त्या फोटोत कोण कोणाशेजारी उभा आहे यावरून भांडणं होतात. एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम द्या आणि ती पगारासाठी वापरायला मोकळीक द्या. पोरांसाठी पिशव्या आणि टीशर्ट देणारे पुष्कळ मिळतात, पगाराला पैसे देणारे थोडे. हिशेब येत असेल तर लहान संस्थांना अनुदानाची बिलं आणि अहवाल करायला मदत लागते. वस्तीतले लोक उन्हाळ्यात संध्याकाळी बागांमध्ये 'लाइट इन द नाइट' कार्यक्रम करतात. तिथे जेवण, संगीत, खेळ असतात आणि बाहेरच्यांनी आधी संस्थेला विचारून यावं.

आणि व्यवसाय असेल तर एक जागा ठेवा. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला कामावर घ्या, त्याच्या कार्यकर्त्याचा नंबर जवळ ठेवा, आणि पहिल्या महिन्यात दोनदा उशीर झाला तर काढून टाकण्याआधी त्या नंबरवर फोन करा. काही भागांतून कामावर यायला त्याला दुसऱ्या टोळक्याच्या गल्लीतून जाणारी बस टाळावी लागते, आणि लांबच्या वाटेने यायला तास-दीड तास जास्त लागतो.